वीराचं तोंड

देव घडवणाऱ्याला देवाचं फारसं कौतुक राहत नाही. हलवाई कुठं पेढे खातो? घोडेगावच्या पेठेत आजोबांच्या वेळेपासून आमचं सोनाराचं दुकान आहे आणि आंबेगाव-जुन्नरच्या कितीतरी देव्हाऱ्यांतले टाक आमच्या हातोडीखालून गेलेत. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेला देव, तळहातावर मावेल एवढा. प्रत्येक देवाचा पितळी ठसा ठरलेला. ठशावर पत्रा ठेवायचा, वरून शिसं ठेवायचं, ठोकायचं, की देव तयार. गिऱ्हाईक हात जोडतं आणि मी पुढच्या कामाला लागतो.

त्यातला एक ठसा वीराचा. घरातला कुणी बिनलग्नाचा असा अवचित गेला, लढाईत, विहिरीत, बिबट्याच्या तोंडी, तर त्याला वीर म्हणून देव्हाऱ्यात जागा द्यायची. नाहीतर तो घराभोवती घुटमळत राहतो म्हणतात. ठसा आजोबांनी केलेला. घोडा, घोड्यावर स्वार, हातात तलवार, डोळे वटारलेले. साठ वर्षांत त्या ठशातून किती पोरं निघाली त्याला गणती नाही, आणि सगळ्यांना एकच तोंड. कुठल्या आईबापानं कधी तक्रार केली नाही. केली ती एकट्या राघूनं.

राघू निरगुडसरचा. गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडं धनगरांची पाच-सहा घरं आहेत, त्यातलं एक त्याचं. उंच, काटकुळा, भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. बोलणं असं, की शब्दाला जकात लागत असावी. दिवाळी झाली की बायकोला, गजराबाईला, घराकडं ठेवून तो भाऊबंदांबरोबर मेंढरं घेऊन माळशेज उतरायचा, मुरबाडच्या बाजूला भातखाचरांत खतासाठी बसवायचा आणि वळवाच्या सुमाराला वर यायचा. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. मला तो तीस वर्षं नुसतं 'शेट' म्हणत आला, संपत हे माझं नाव त्याला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. पण मेंढराचं तोंड एकदा बघितलं की संपलं. चार महिन्यांपूर्वी चोरीला गेलेली मेंढी त्यानं बेल्ह्याच्या बाजारात शंभर मेंढरांतून कान धरून बाहेर ओढली होती. व्यापारी म्हणाला, खूण काय? राघू म्हणाला, "तोंड." व्यापारी हसला. मग राघूनं त्या कळपातल्या आणखी दहा मेंढ्यांची तोंडं कशी वेगळी ते सांगायला सुरुवात केली, तेव्हा व्यापाऱ्यानं मुकाट्यानं मेंढी सोडली. हा किस्सा आमच्या पेठेत पुष्कळ दिवस चालला.

त्याला एकुलता एक मुलगा, भैरवनाथ. घरात भैरू. दहा वर्षांचा होईपर्यंत मेंढरांबरोबर फिरला, मग गजराबाईनं हट्टानं शाळेत घातला. दहावी झाला आणि पंच्याण्णव साली पुण्यात भरतीला उभा राहून फौजेत लागला. त्याला रजा मिळायची ती हिवाळ्यात, आणि हिवाळ्यात बाप कोकणात. पाच वर्षांत बापलेकांची गाठ दोनदा पडली म्हणतात. त्यातल्या एकदा तर मेंढरांच्या पायांना खुरी आली म्हणून राघूला बोलायलाही सवड नव्हती.

दोन हजार एकच्या जानेवारीत भैरू काश्मीरमध्ये गेला. गस्तीवर होता, गोळी लागली. बातमी पोलीस चौकीवर आली, तिथून गावाला. राघूला शोधायला गावानं जीप काढली. पण मेंढरांचा मुक्काम रोज हलतो. जीप मुरबाडच्या पंचक्रोशीत तीन दिवस शिवारं धुंडाळत राहिली आणि इकडं पेटी येऊन पोचली. अंत्यविधी थांबवता येण्यासारखा नव्हता. पुतण्यानं अग्नी दिला. दुकान बंद करून मीही गेलो होतो, सगळा तालुका लोटला होता.

राघू सापडला तो दुसऱ्या दिवशी. सांगणाऱ्यानं सांगितलं. राघू म्हणाला, "बरं." मग त्यानं दीडशे मेंढरं एकेक करून भावाच्या ताब्यात दिली, कुठली व्यायला झाली आहे, कुठलीच्या पायाला जखम आहे ते समजावून सांगितलं, आणि मग जीपमध्ये बसला. घाट चढून घरी येईपर्यंत रक्षा सावडून झाली होती. तो नदीकाठी गेला, काळ्या जागेकडं बघितलं, घरी आला आणि घोंगडी टाकून त्यावर बसला. रडला नाही. आठव्या दिवशी परत कोकणात मेंढरांकडं गेला. लोक म्हणाले, काळीज आहे की दगड. खरं सांगायचं तर मीही म्हणालो. लोकांच्या घरचं दुःख तोलायला आमच्याकडं काटा कायम तयार असतो.

गावानं मात्र आपलं काम चोख केलं. भरतीच्या वेळचा भैरूचा एक फोटो होता, डोक्याचा चमनगोटा केलेला, गाल सुजल्यासारखे, तिकिटाएवढा. एका स्टुडिओवाल्यानं तो कात्रीनं कापून दुसऱ्या कुणाच्या गणवेशावर चिकटवला, वर टोपी रंगवली, मिशा काढल्या, गाल गुलाबी केले आणि तीन फुटांचा करून दिला. एक ग्रामपंचायतीत लागला, एक राघूच्या घरात. मूळ फोटो त्या कापाकापीत संपला. सगळे म्हणाले, काय रुबाब आहे! राघू जूनमध्ये कोकणातून आला, फोटोसमोर उभा राहिला आणि गजराबाईला म्हणाला, "ह्यो कोन?"

त्यानंतर तो घरात बसला की फोटोकडं पाठ करून बसायचा.

वर्षाचे विधी जवळ आले तसं भाऊबंदांनी टाकाचं काढलं. पोरगा बिनलग्नाचा गेला, लढाईत गेला, त्याला वीर करून बसवायलाच हवा. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस राघू आणि गजराबाई माझ्या दुकानात आले. गजराबाईनं कमरेची पिशवी सोडली आणि गादीवर दोन छोटे चांदीचे वाळे ठेवले. बारशाला माझ्याच वडलांनी करून दिलेले, आतून आमची खूण होती.

"ह्याचाच करा," ती म्हणाली. "दुसरी चांदी नको."

मी म्हटलं, करतो, आठवड्यानं या. आणि सवयीनं वीराचा ठसा काढून गादीवर ठेवला. राघूनं तो उचलला, दाराच्या उजेडात धरला.

"ह्यो कोन?"

"वीर."

"कुनाचा?"

"कुणाचाच नाही. सगळ्यांचा हाच असतो."

तो ठसा उलटसुलट करत राहिला. "माजी दीडशे मेंढरं हायती, शेट. दोन तोंडं सारखी न्हाईत. आन् एवढी मानसं मेली, समद्यांला एकच तोंड?"

मला राग आला. आजोबांचा ठसा होता तो. म्हटलं, "राघूबाबा, हा देव आहे. फोटो नाही. फोटो पाहिजे तर घरात टांगलाय की चांगला तीन फुटी."

"त्यो माजा न्हाई."

मी गजराबाईकडं बघितलं. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण रडत नव्हती. म्हणाली, "शेट, ह्यांनी शेवटाला बघितला न्हाई त्याला. मी बघितला, भावकीनं बघितला. ह्येंचं म्हननं, तुमी कुनाला जाळलं कुनाला ठाव. वर्षाचं करू देईनात. त्याच्या कपड्यांची ट्रंक पलटनीतनं आली, ती दान करू देईनात."

"डोळं मिटलं की समदी मेंढरं म्होरं येत्यात," राघू म्हणाला. आवाजात काही नव्हतं. बाजारभाव सांगावा तसं सांगत होता. "तीस वर्सामागं मेलेली सुदिक. ह्यो न्हाई येत. तोंडच आठवंना. तोंड आठवलं तर मेला म्हनीन. न्हाई तर कसा म्हनू?"

तीस वर्षांत तो माझ्याशी एवढं एका दमात बोलला नव्हता.

मग त्यानं घोंगडीच्या खोळीतून एक फोटो काढला. ट्रंकेत मिळालेला. पोस्टकार्डाएवढा, कुणा सोबत्यानं सहज काढलेला. बर्फाच्या डोंगराखाली तंबूसमोर पोरं उभी. जाडजूड कोट, भुवईपर्यंत ओढलेल्या लोकरीच्या टोप्या, दाढीचे खुंट वाढलेले. मागं कुणाचं नाव नाही, गाव नाही.

"ह्यातलं तोंड घाला."

"यातला कुठला?"

राघू फोटोवर वाकला. माझं भिंग त्याच्या हातात दिलं, ते त्यानं बाजूला ठेवलं. एकेका तोंडावरून बोट सरकवत गेला, बाजारात मेंढरं बघतो तसं. परत आला. परत गेला. बाहेर भीमाशंकरची गाडी येऊन उभी राहिली, भरली आणि गेली, तरी त्याचं बोट फिरतच होतं. शेवटी ते डावीकडून चौथ्या पोरावर थांबलं. जाड जुळलेल्या भुवया, टोपीखालूनही बाहेर आलेले कान, हनुवटीला खळी.

"ह्यो."

त्यानं गजराबाईकडं बघितलं. ती क्षणभर त्या बोटाकडं बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. त्योच."

आता माझी गोष्ट सांगतो. ठशातल्या वीराचं तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढं. त्यावर माणसाची ओळख उठवणं हा वेडेपणा. पण मला खुमखुमी आली. पेठेत कुणी केलं नव्हतं असं काहीतरी करायला मिळत होतं. मी वाळे वितळवले, पत्रा काढला, ठशावर ठोकला आणि मग त्या डोळे वटारलेल्या तोंडाला घासून सपाट केलं. आठ दिवस भिंग डोळ्याला लावून बारीक छिन्नीनं एकेक रेघ ओढली. भुवया आणल्या. कान आणले. हनुवटीची खळी तर अशी आणली की आजोबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. मध्येच एकदा मनात आलं, गावातल्या फोटोतल्या पोराची हनुवटी तर सरळ होती. पण त्या फोटोत खरं काय होतं देव जाणे, असं म्हणून मी तो विचार झटकला. हातातलं काम इतकं झकास जमलं होतं की मला शंका परवडणारी नव्हती.

राघूनं टाक घेतला, निरखला. "वळखू येतंया," म्हणाला. तो खूश झाला असं म्हणणार नाही, पण दसऱ्याला त्यानं वीर बसवला, जानेवारीत वर्षाचं करू दिलं. फक्त ट्रंक तेवढी ठेवली. गजराबाई मंचरच्या बाजारात भेटली तेव्हा मी विचारलं, आता आठवतो का त्यांना? ती म्हणाली, "टाकाकडं बघत बसत्यात. काय बोलत न्हाईत."

पुढच्या वर्षी, दोन हजार दोनच्या श्रावणात, सकाळी दुकान उघडून गादी झाडत होतो. राघू आणि गजराबाई एसटीतून उतरून येताना दिसले. त्यांच्यामागं एक दणकट तरुण होता, हातात फौजी बॅग. तिघं पायरीशी आले. तरुणानं वाकून चप्पल काढली आणि वर बघितलं.

माझ्या हातातली केरसुणी खाली पडली. जुळलेल्या भुवया. बाहेर आलेले कान. हनुवटीला खळी. ते तोंड मी आठ दिवस भिंगाखाली बघितलं होतं, आणि ते माझ्यासमोर उभं राहून "रामराम" म्हणत होतं.

"ह्यो भिका," राघू म्हणाला. "पारनेरकडला. भैरूच्या संगं व्हता."

जिवंत माणसाचा टाक केला की त्याचं आयुष्य तुटतं, असं आमच्यात म्हणतात. मी देवाला फारसा न भिणारा माणूस, पण मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. मला वाटलं, आता हा राघू माझं दुकान डोक्यावर घेईल. तसं काही झालं नाही. तो कोपऱ्यात नेहमीच्या जागी बसला. टाक आणि फोटो गादीवर ठेवले. सांगितलं ते गजराबाईनं.

भिका रजेवर गावी निघाला होता. मित्राच्या आईबापाला भेटायचं दीड वर्ष मनात होतं, म्हणून वाट वाकडी करून निरगुडसरला उतरला. तो उंबऱ्यात दिसला मात्र, गजराबाईनं देव्हाऱ्यावर फडकं टाकलं. राघू उठून त्याच्याजवळ गेला, त्याच्या तोंडाकडं कितीतरी वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "तू जिता हायस?"

"मला वाटलं, बाबा बोल लावत्यात," भिका मला म्हणाला. त्याची मान खाली होती. "म्हनलं व्हय बाबा, मी जिता हाय. त्यो गेला आन् मी ऱ्हायलो. दुसरं काय म्हननार?"

फडक्याखाली काय आहे हे त्या पोराला तोवर ठाऊक नव्हतं. राघूनंच फडकं काढून दाखवलं. भिका बघून हसला, मग हसायचं थांबला. नंतर राघूनं फोटो पुढं केला आणि विचारलं, यातला भैरू कुठला?

आता तोच फोटो गादीवर होता. भिकानं चौथ्या पोरावर बोट ठेवलं. "ह्यो मी. आन् माज्या शेजारी ह्यो भैरू."

मी भिंग लावलं. चौथ्याच्या शेजारी एक जण होता खरा. पण त्यानं नेमकं फोटो काढताना मागं वळून बघितलं होतं. टोपी हातात, कॅमेऱ्याकडं डोक्याचा मागचा भाग. तोंड नव्हतंच. आठ दिवस फोटो माझ्या पुढ्यात होता, भिंगाखाली होता, आणि मी त्या पोराला मोजलंच नव्हतं. तोंड शोधणारा माणूस पाठीकडं कशाला बघेल?

"खालच्या रस्त्यानं तिकडल्या मेंढपाळांचा कळप चालला व्हता," भिका म्हणाला. "फोटो काढनारा वरडला, म्होरं बघा. समदी म्होरं बघाया लागली. ह्यो टोपी काढून मागं. मी म्हनलं, अरं मेंढरं काय कदी बघितली न्हाईत का तू?"

"किती व्हती?" राघूनं विचारलं.

"काय?"

"मेंढरं."

भिकानं माझ्याकडं बघितलं. मग आठवून म्हणाला, "त्यो म्हनला, तीनशाच्या आसपास. आन् एक पार मागं लंगडतीया, ती म्हनला त्या मेंढपाळांच्या ध्यानात न्हाई आलेली."

राघूनं मान हलवली. एवढंच. मग भिकाची पारनेरची गाडी होती. त्यानं दोघांचे पाय धरले. जाताना टाकाकडं बघून मला हळूच म्हणाला, "शेट, ह्यो बरा न्हाई ठिवायचा. माज्या आयला कळलं तर जीव दील." मी म्हटलं, आजच वितळवतो. तो गेला.

मी गजराबाईकडं वळलो. मला माझी लाज कुणावर तरी ढकलायची होती. म्हटलं, "बाई, तुम्ही तर बघितला होता पोराला. तुम्हाला कळलं नाही हे तोंड दुसऱ्याचं आहे?"

"कळलं व्हतं," ती म्हणाली.

"मग?"

"ह्येंचं बोट थांबलं व्हतं, शेट. आठ-नऊ म्हैन्यांत पयल्यांदा कशावर तरी थांबलं व्हतं. काय म्हनू, न्हाई ह्यो?" ती फोटोकडं बघत होती. "मला ह्यात कुटंच दिसला न्हवता. मला वाटलं, ह्यात न्हाईच त्यो. मंग म्हनलं, ह्येंला घावला तर घावूंदे."

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. माझेच टोचले गेले.

मी टाक मुशीत टाकला. ते झकास तोंड पाघळून गेलं. राघू बघत होता. चांदी निवली तेव्हा मी ठसा पुढं ओढला आणि म्हटलं, "आता काय करू, राघूबाबा? फोटोत तोंड नाही. तुम्हाला आठवत नाही. ठशाचंच राहू देऊ का?"

"न्हाई."

"मग?"

त्यानं फोटो माझ्याकडं सरकवला. बोट भैरूवर होतं. "ह्यो घाला. असाच."

"असाच म्हणजे पाठमोरा?" माझा आवाज चढला. "अहो, देव आहे तो. घोडा पुढं आणि स्वाराचं डोकं मागं? पूजा कुणाला करणार, मानेला? गंध कुठं लावणार? लोक मला वेड्यात काढतील."

"लावीन मी मानंला."

"राघूबाबा, तोंडासाठी आलात तुम्ही माझ्याकडं. तोंड आठवल्याशिवाय मेला म्हणणार नाही म्हणालात."

त्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मला वाटलं उठून जाईल.

"शेट," तो म्हणाला, "पोर दहा वर्साचं व्हईस्तवर माज्या संगं फिरलं. मेंढरांच्या म्होरं त्यो चालायचा, मागं मी. मागं मानूस लागतंया, लंगडी-बिंगडी ऱ्हायली तर. सांच्यापारी मुक्कामाला पोचलो की पोर जेवून झोपलेलं. मला तोंड कुटनं ठाव आसनार?" त्यानं हात वर करून स्वतःच्या डोक्यामागं फिरवला. "मला ह्ये ठाव हाय. दोन भवरं व्हते त्याला. एक हितं, एक हितं. गजरा म्हनायची, दोन भवरं, पोराची दोन लग्नं व्हनार. एवढे दोन भवरं घाला. म्होरं काय आसंल ते आसूंदे."

मी फोटोवर परत भिंग धरलं. आखूड कापलेल्या केसांत नीट काही दिसत नव्हतं. तरी राघूनं दाखवलं तिथं, उजवा थोडा वर आणि डावा खाली, मी दोन भोवरे खुणेनं कागदावर काढले. "डावा जरा आनी खाली," तो म्हणाला. खाली घेतला. "उलटा फिरतोया त्यो." उलटा फिरवला. "कान इतका जवळ नको." कान सरकवला. तासाभरापूर्वी ज्या माणसाला आपल्या पोराचं काहीही आठवत नव्हतं, तो मला मानेवरच्या गळवाचा वण कुठं होता ते सांगत होता. गजराबाई माझ्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं.

चार दिवसांनी तो एकटाच आला. टाक तयार होता. घोडा तोच, तलवार तीच, फक्त स्वारानं मान पार मागं फिरवलेली. माझ्या उभ्या जन्मात इतकं विचित्र काम मी केलं नाही आणि इतकं जीव लावूनही केलं नाही. त्यानं टाक तळहातावर घेतला. अंगठा त्या डाळीएवढ्या डोक्यावरून एकदा फिरवला, परत फिरवला.

"हां," तो म्हणाला. "ह्यो माजा."

मला वाटलं आता निघेल. तो बसला. टाक मुठीत धरून समोरच्या रस्त्याकडं बघत राहिला. शाळेची पोरं चालली होती. मग म्हणाला, "त्या दिशी तुमी व्हता न्हवं निरगुडसरला?"

"होतो."

"सांगा."

दीड वर्षात त्यानं हे कुणालाही विचारलं नव्हतं. कुणी सांगू लागलं तर उठून जायचा. मी दुकानाची एक फळी लावून घेतली आणि सांगितलं. मंचरपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं उभी होती. फुलांनी भरलेला ट्रक होता, पेटीवर झेंडा होता. शाळेची पोरं रांगेत होती, त्यांच्या मास्तरांना घोषणा देता येईना. गजराबाईला दोघींनी धरून आणलं. नदीकाठी शिपायांनी बंदुका वर करून तीनदा बार काढले आणि वाळूतले सगळे बगळे उडाले. मग पुतण्यानं अग्नी दिला.

राघू ऐकत होता. "किती वाजले आसतील?"

"दोन. दोनच्या सुमाराला."

"दोन," तो म्हणाला. ओठ हलवून त्यानं काहीतरी मनाशी जुळवलं. "दोन म्हंजी मी मेंढरांस्नी पानी दावत व्हतो वढ्यावर. ऊन चांगलं पडलं व्हतं. मी झाडाखाली बसून भाकर खाल्ली."

आणि मग तो रडायला लागला.